गाडीचे दुखणे ओळखताना : स्टिअरिंग आणि बॅटरी

आपल्या वसतिगृहाच्या गाडीची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे ती यावी याला विशेष असे कारण नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कागदपत्रे घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामागोमाग डिझेलच्या पावत्या आल्या आणि पावत्यांमागोमाग गाडीही आली. या काळात गॅरेजच्या बाकावर बसून जे पाहिले आणि स्वतःच्या चुकीतून जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी आणि आज स्वतःची वाहने बाळगणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवत आहे. विषय दोन तक्रारींपुरताच आहे : स्टिअरिंग आणि बॅटरी. या दोन तक्रारींचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

पावसाळ्यातील एका रात्री सहावीतील एका मुलाला तापाने झटके आले. गाडी काढायला गेलो तर सेल्फ चालेना. किल्ली फिरवली की नुसते टकटकटक असा आवाज. अखेर दहावीच्या मुलांनी चिखलातून धक्का मारला तेव्हा इंजिन सुरू झाले. फाटकाशी गाडी वळवताना आमचे चालक मामा म्हणाले, "सर, स्टिअरिंग लई जड झालंय. दोन्ही हातांनी ओढावं लागतंय." मी म्हणालो, "मामा, ते नंतर बघू, आधी दवाखाना गाठा." मुलगा वेळेवर पोहोचला आणि बरा झाला. दुसऱ्या दिवशी मी वहीत दोन नोंदी केल्या. एक, बॅटरी उतरली. दोन, स्टिअरिंग जड. वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेल्या या नोंदी घेऊन मी दोन वेगवेगळ्या गॅरेजांत गेलो. पहिल्याने नवी बॅटरी बसवली. दुसऱ्याने व्हील अलाइनमेंट केले, आणि त्याने फरक पडेना तेव्हा स्टिअरिंगचा पंप व बॉक्स बदलण्याचा मोठा अंदाज लिहून दिला. देणगीतून चालणाऱ्या संस्थेला तो अंदाज पेलणारा नव्हता. नवी बॅटरी बसवल्यावर गाडी महिनाभर उत्तम सुरू झाली. त्यानंतर पुन्हा तेच टकटक.

या प्रकरणाचा शेवट पुढे सांगतो. तो समजण्यासाठी आधी बॅटरी आणि स्टिअरिंग यांची कामे समजून घ्यावी लागतील.

मोटारीतील बॅटरी ही शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची असते. तिचे मूळ रूप फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केले, म्हणजे मोटार जन्माला येण्यापूर्वीच. सुरुवातीच्या गाड्यांत तिच्यावर मोठा भार नव्हता. इंजिन माणसाने हँडल फिरवून सुरू करायचे. हँडल उलटे फिरून हात मोडत, माणसे दगावत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरीवर खरा भार पडला. तो भार किती आहे हे लक्षात घेतल्याशिवाय बॅटरीच्या तक्रारी कळत नाहीत. गाडीतील छतावरचा लहान दिवा अर्धा ॲम्पिअरही घेत नाही. समोरचे दोन मोठे दिवे मिळून साधारण दहा ॲम्पिअर घेतात. सेल्फ मात्र लहान पेट्रोल गाडीत शंभर ते दोनशे आणि डिझेल गाडीत त्याहून बराच अधिक प्रवाह ओढतो. म्हणून 'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा भरलेल्या अवस्थेत सुमारे २.१ व्होल्ट देतो. गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावला तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आकड्यांतील फरक लहान दिसतो, अर्थ मोठा असतो. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा चढा येतो. म्हणून सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावे. त्यानंतर सेल्फ मारताना आकडा पाहावा. तो ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी भरलेली नाही किंवा तिची ताकद संपत आली आहे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढायला हवा, कारण आता अल्टरनेटर बॅटरी भरत असतो. हा तिसरा आकडाच सर्वांत महत्त्वाचा, आणि आमच्या पहिल्या गॅरेजमध्ये तो कोणी पाहिला नव्हता. मीही विचारला नव्हता.

मल्टिमीटर जवळ नसेल तरी कान आणि डोळे पुष्कळ सांगतात. रात्री समोरचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावून विझू लागले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडणीत दोष आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मुळीच हलला नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. किल्लीचा स्विच, रिले किंवा तार पाहावी. एकच जोरदार 'टक' आणि दिवे स्वच्छ, तर सेल्फमध्येच बिघाडाची शक्यता जास्त. भराभर टकटक म्हणजे बहुधा कमी दाब.

जोडणीतील दोषाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण याच ठिकाणी निष्पाप बॅटऱ्या भंगारात जातात. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी साचते, किंवा इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी गंजते. समजा, त्या जोडावर केवळ ०.०१ ओहमचा अडथळा निर्माण झाला. पाच ॲम्पिअरचे दिवे लावले तर तेथे ०.०५ व्होल्ट वाया जातील. कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु सेल्फ दोनशे ॲम्पिअर ओढू लागला की त्याच जोडावर दोन व्होल्ट नाहीसे होतात आणि सेल्फ अडखळतो. नववीच्या पुस्तकातील ओहमचा नियम तो एवढाच. पण तो येथे हाताला चटका देऊन शिकवतो, कारण वाया गेलेली वीज उष्णता होते. दोन-चार वेळा सेल्फ मारून झाल्यावर एखादा जोड गरम लागला तर दोष तेथे आहे असे समजावे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनल धुवावे, घासून चकचकीत करावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. उघडताना आधी ऋण टोक, बसवताना शेवटी ऋण टोक. उलट केल्यास पान्हा गाडीच्या पत्र्याला टेकून मोठी ठिणगी पडते. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको. झाकणे असलेल्या बॅटरीत पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे किंवा नळाचे नाही.

बॅटरी रात्रीतून उतरण्याचे आणखी एक कारण म्हणजे चोरटा खर्च. पाच वॅटचा एक दिवा मागे जळत राहिला तर साठ ॲम्पिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी तो सहा दिवसांत रिकामी करतो; अर्धी भरलेली असेल तर तीनच दिवसांत. सुट्टीत गाडी आठवडाभर उभी राहिली आणि मग सुरू होईना, तर आधी मागच्या दाराचा दिवा आणि बाहेरून बसवून घेतलेला टेप पाहावा. आणि उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये. तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही.

आता स्टिअरिंगकडे येतो. गाडी वळताना आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात. म्हणून आतले चाक अधिक वळावे लागते. ही रचना म्युनिकमधील गेओर्ग लांकेन्श्पेर्गर या घोडागाड्यांच्या कारागिराने १८१७ मध्ये शोधली. तिचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान या ग्रंथविक्रेत्याने घेतले आणि जगाने रचनेला आकरमानचेच नाव दिले. शोधणाऱ्याचे नाव मागे पडून कागद करणाऱ्याचे राहणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. आजही चाकांना जोडणारे टाय रॉड, त्यांच्या टोकांचे जोड आणि बॉल जॉइंट ही सगळी मंडळी तीच भूमिती सांभाळत असतात. त्यातील एक जोड झिजला की तक्रार हातातल्या चक्रापर्यंत पोहोचते.

स्टिअरिंगच्या तक्रारीत नेमका शब्द फार महत्त्वाचा आहे. 'स्टिअरिंग खराब आहे' या वाक्यावरून कोणताही मेकॅनिक काही सांगू शकणार नाही. गाडी एका बाजूला ओढते, चक्र थरथरते, चक्र काही अंश फिरवूनही चाक हलत नाही, वळणानंतर चक्र आपण होऊन सरळ होत नाही, चक्र जड आहे; या पाच निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा निरनिराळी असतात.

गाडी ओढत असेल तर आधी टायर थंड असताना दोन्ही बाजूंची हवा मोजावी. हवा समान असूनही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलावेत. ओढण्याची बाजूही बदलली तर दोष टायरचा. न बदलल्यास पुढच्या चाकांची अलाइनमेंट किंवा चिकटणारा ब्रेक पाहावा. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर चाकाजवळ तळहात धरला की कोणते चाक अधिक तापले आहे ते कळते. आपल्याकडचे रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडीचा डावीकडे किंचित कल असणे हा रोग नव्हे. रस्ता मोकळा असेल तेथे ही खात्री करून घ्यावी.

साधारण सत्तर-ऐंशीच्या वेगाला चक्र थरथरू लागते आणि वेग बदलला की थांबते, तर चाकांचे बॅलन्सिंग बिघडले आहे. ब्रेक दाबल्यावरच थरथरते, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम तपासावा. टायरची झीजही वाचता येते. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी राहिली. मधला पट्टा झिजला म्हणजे जास्त राहिली. एकच कड झिजली म्हणजे चाकाचा कल चुकला. हात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर पुढची चाके एकमेकांना समांतर राहिलेली नाहीत.

चक्रात 'प्ले' वाढला असेल, किंवा खडबडीत रस्त्यावर पुढून खडखड ऐकू येत असेल, तर दोन माणसांची परीक्षा करावी. गाडी सपाट जागी उभी असावी, चाके जमिनीवर, हँडब्रेक लावलेला. एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे, दुसऱ्याने बाजूने वाकून एकेक जोड पाहावा आणि बोटांनी चाचपावा. ज्या जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो जोड संपला. या बाबतीत काटकसर करू नये. टाय रॉडचा जोड निखळला तर चक्र हातात राहते आणि चाक आपल्या मनाने जाते. मुले बसलेली गाडी असा जोड घेऊन एक दिवसही चालवू नये. बॅटरी उतरली तर गाडी जागेवर थांबते; जोड निखळला तर ती थांबत नाही.

राहिला जडपणा. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत जॅक लावून पुढची चाके उचलावीत, खाली भक्कम स्टँड द्यावेत आणि चक्र फिरवून पाहावे. आता ते हलके फिरले तर कारण टायरच्या हवेत किंवा अलाइनमेंटमध्ये; तरीही जड असेल तर बॉक्स किंवा जोड कोरडे पडले आहेत. पॉवर स्टिअरिंगची गोष्ट थोडी वेगळी. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर इम्पीरियल या गाडीबरोबर आले. त्यात इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चालकाच्या हाताला साहाय्य करतो. डबीतील तेल कमी असेल, त्यात फेस येत असेल म्हणजे हवा शिरली असेल, तर चक्र जड होते किंवा घरघरते. हे साहाय्य इंजिनाबरोबर संपते. म्हणून डिझेल वाचवण्यासाठी घाटात उतारावर इंजिन बंद करणारा चालक स्वतःचे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींचे बळ घालवतो, आणि किल्ली काढली तर चक्रच कुलूपबंद होते. मी ही सवय जुन्या चालकांत पाहिली आहे आणि त्यांच्याशी वादही घातला आहे.

पंप इंजिनावर चालतो असे म्हटले. तो चालतो पट्ट्याने. आमच्या गाडीत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटरही आहे.

नवी बॅटरी पुन्हा उतरू लागली त्या सुमारास आपलाच एक माजी विद्यार्थी, आयटीआय करून शेजारच्या तालुक्यात गॅरेज चालवणारा, आपल्या धाकट्या भावाला भेटायला आला होता. वर्गात तो इतिहासात जेमतेम उत्तीर्ण होत असे. मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती बाजूला सारली आणि विचारले, "सर, गाडी सुरू झाली नाही त्या रात्री पाऊस होता का? आणि स्टिअरिंग जड लागतं ते उभ्या गाडीत की रस्त्यावर?" मामांनी सांगितले की सकाळी आणि पावसात, फाटकाशी हळू वळवतानाच जड लागते, हमरस्त्यावर काही जाणवत नाही. "आणि तेव्हा चीं असा आवाज येतो का?" येत होता. आम्हाला कोणी विचारले नव्हते, म्हणून मामांनी सांगितले नव्हते.

त्याने इंजिन सुरू केले, मोठे दिवे लावले, बॅटरीला मल्टिमीटर जोडला. आकडा १३.५. मग त्याने मामांना चक्र एका टोकापर्यंत फिरवायला सांगितले. पट्टा किंचाळला, दिवे मंदावले, डॅशबोर्डावरचा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला आणि आकडा १२.२ वर आला. "बास, सोडा मामा," तो म्हणाला. चक्र टोकाला क्षणभरापेक्षा जास्त दाबून धरले तर पंपाला इजा होते. इंजिन बंद करून त्याने पट्टा दाखवला. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती आणि ताण देणारा बोल्ट सैल होता. हळू वळताना पंपाला सर्वांत जास्त जोर लागतो, त्याच वेळी इंजिनाचा वेग सर्वांत कमी असतो; तेथे पट्टा घसरे. पंप मंदावला की स्टिअरिंग जड, अल्टरनेटर मंदावला की बॅटरी उपाशी. पावसाचे पाणी उडाले की घसरण वाढे, आणि पावसातच दिवे व वायपर जास्त चालत. आमच्या फेऱ्या लहान लहान. रोज थोडी तूट राहायची. नव्या बॅटरीने ती महिनाभर भरून काढली, एवढेच. बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू झाली हा पुरावा मी बॅटरीविरुद्ध धरला होता. मामांनी एकाच रात्री, एकाच फाटकाशी सांगितलेल्या दोन गोष्टी मीच दोन ओळींवर तोडून लिहिल्या होत्या.

नवा पट्टा बसला. अंगठ्याने दाबल्यावर मध्यभागी साधारण एक सेंटिमीटर दबेल इतका ताण त्याने दिला. त्यानंतर दिवे लावून, चक्र फिरवून आकडा १४.१ राहिला. पट्ट्याची किंमत बॅटरीच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती. मजुरी त्याने घेतली नाही, मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "भावाला तेवढा इतिहास शिकवा, त्यालाही जमत नाही."

अलीकडच्या अनेक मोटारींत तेलाचा पंप नसतो. स्टिअरिंगला विजेची मोटर साहाय्य करते. तेथे हा संबंध अधिकच थेट आहे. वळताना ती मोटर मोठा प्रवाह ओढते, आणि बॅटरी व अल्टरनेटर यांचा दाब पडला तर साहाय्य कमी होऊन चक्र जड होते, स्टिअरिंगचा इशारा देणारा दिवाही लागतो. अशा गाडीचे चक्र एकाएकी जड झाले तर स्टिअरिंगच्या सुट्या भागांची चौकशी करण्यापूर्वी बॅटरीची टर्मिनल आणि वर सांगितलेले तीन आकडे पाहावेत.

दुसऱ्या गाडीची वीज घेऊन आपली गाडी सुरू करायची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवावा. लाल तार आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि ती वायूजवळ पडू नये. काढताना उलट क्रम.

गाडीच्या वहीत आता मी वेगळे रकाने आखले आहेत. तारीख, किलोमीटर, तक्रार चालकाच्या शब्दांत, त्या वेळी गाडी उभी होती की धावत होती, पाऊस होता की नव्हता, कोणते दिवे लागले होते, कोणता आवाज आला. त्याच वेळी दुसरे काही जाणवले असेल तर त्याच ओळीत. बॅटरीचे तीन आकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नववीची दोन मुले मोजतात आणि सही करतात. मल्टिमीटर कार्यालयाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.